मारिओच्या आकाशाचा रंग

मागच्या मे महिन्यात भाचा आमच्याकडे राहायला आला होता. दुपारी सोफ्यावर आडवा पडून तो फोनवर काहीतरी खेळत होता. त्यातून येणारं संगीत कानावर पडलं आणि मी स्वयंपाकघरातून हातातला कप तसाच घेऊन बाहेर आलो. 'सुपर मारिओ ब्रदर्स'! कौतुकानं डोकावून पाहिलं आणि जरा हिरमुसलोच. मारिओ ओळखू येत होता, पण तो चौकोनी तुकडे चिकटवून केल्यासारखा दिसत होता. टोपीची कड जिन्याच्या पायऱ्यांसारखी, ढगांना कोपरे फुटलेले. आणि आकाश चक्क जांभळट.

"हे असं नव्हतं," मी म्हणालो.

"मामा, गेम तोच आहे. फाइल तीच आहे."

"असेल. पण दिसायचा असा नाही."

"मग कसा दिसायचा?"

मला धड सांगता येईना. "गुळगुळीत" म्हणालो, मग "उजळ" म्हणालो, शेवटी "आकाश निळं होतं" एवढंच ठामपणे सांगितलं. त्यानं सेटिंगमध्ये जाऊन एक यादी उघडली आणि फोन माझ्या हातात दिला. "बघ, यातलं कुठलं ते." यादी बोटानं सरकवत राहिलो तरी संपेना. सीआरटी-जिऑम, सीआरटी-रॉयल, सीआरटी-लॉट्स, सीआरटी-ईझीमोड... या सगळ्यांना शेडर म्हणतात. यातलं प्रत्येक नाव म्हणजे जुन्या डबा टीव्हीवर चित्र कसं दिसायचं, याबद्दल कुणीतरी मांडलेला एक दावा आहे.

मी त्या दिवशी एकही निवडू शकलो नाही. पण हे दावे कुठून आले, कुणी केले आणि ते करायची गरज का पडली, हे शोधत गेलो. त्याचा हा वृत्तांत.

चित्र नेमकं कुठे होतं?

भाच्याचं म्हणणं तर्काला धरून होतं. फाइल तीच, तर चित्रही तेच. आजच्या स्क्रीनबाबत हे खरंच आहे. फोनच्या पडद्यावर लाखो ठिपके आपापल्या जागी पक्के बसवलेले असतात, प्रत्येकाला एक रंग सांगितला जातो आणि तो तेवढा रंग दाखवतो. डबा टीव्हीत असे पक्के ठिपके नव्हतेच.

कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी १८९७ साली स्ट्रासबर्गला जी कॅथोड किरणांची नळी बनवली, तिचंच मोठं रूप म्हणजे आपली पिक्चर ट्यूब. मागच्या निमुळत्या टोकाला इलेक्ट्रॉनची बंदूक, पुढच्या काचेला आतून फॉस्फरचा लेप. इलेक्ट्रॉनचा झोत जिथे आदळतो तिथे लेप उजळतो आणि पुढच्याच क्षणी विझू लागतो. चुंबकांच्या साहाय्यानं हा झोत डावीकडून उजवीकडे, रेघेखाली रेघ असा पडदाभर फिरवला जातो. रंगीत टीव्हीत असे तीन झोत असतात आणि लाल, हिरव्या, निळ्या फॉस्फरपैकी ज्याचा त्याला बरोबर गाठता यावा म्हणून काचेच्या मागे एक बारीक धातूची जाळी असते. सोनीनं १९६८ साली ट्रिनिट्रॉनमध्ये भोकांच्या जाळीऐवजी उभ्या पट्ट्या वापरल्या. म्हणून ट्रिनिट्रॉनचं चित्र जवळून पाहिलं तर उभ्या रेषांचं दिसतं आणि इतर टीव्हींचं ठिपक्यांचं.

अमेरिका आणि जपानमधली प्रसारणपद्धत ५२५ रेघांची होती. एका फेरीत विषम रेघा, पुढच्या फेरीत सम रेघा, अशा सेकंदाला सुमारे ६० फेऱ्या. १९८३ साली जपानमध्ये आलेल्या निन्टेंडोच्या फॅमिकॉमला एवढ्या रेघा झेपणाऱ्या नव्हत्या. त्याचं चित्र होतं २५६ गुणिले २४०, म्हणजे ६१,४४० ठिपके. मग यंत्राचा संदेश अशा बेतानं पाठवला गेला की प्रत्येक फेरी त्याच त्या रेघांवर पडावी. मधल्या रेघा रिकाम्या राहिल्या. डबा टीव्हीवरच्या व्हिडिओ गेममध्ये दिसणाऱ्या काळ्या आडव्या फटी त्या ह्या. ती कुणी केलेली नक्षी नव्हती, स्वस्तात भागवण्याचा तो परिणाम होता.

शिवाय यंत्रापासून टीव्हीपर्यंत चित्र एकाच तारेतून जायचं. उजेड आणि रंग एकमेकांत कालवून. टीव्हीनं ते पुन्हा वेगळे करायचे, आणि ते पूर्ण वेगळे कधीच होत नसत. एका ठिपक्याचा रंग शेजारच्यात उतरायचा, पावसात भिजलेल्या रंगीत कपड्यासारखा.

चित्रकारांना हे ठाऊक होतं, कारण तेही आपलं काम शेवटी टीव्हीवरच तपासत. १९९१च्या 'सॉनिक द हेजहॉग'मधला धबधबा पाहा. सेगाच्या मेगा ड्राइव्हमध्ये खरी पारदर्शकता दाखवायची सोय नव्हती. म्हणून धबधबा उभ्या पट्ट्यांचा काढलाय, एक पट्टी पाण्याची, एक रिकामी. आजच्या स्क्रीनवर तो खिडकीच्या गजांसारखा दिसतो. जुन्या तारेतून टीव्हीवर गेला की पट्ट्या एकमेकांत विरघळत आणि पाण्याआडून मागचं दृश्य दिसे. किंवा १९९७चा 'कॅसलव्हेनिया: सिंफनी ऑफ द नाइट' घ्या. ड्रॅक्युलाच्या छोट्या चित्रात डोळ्याच्या जागी जेमतेम एक लाल चौकोन आहे. फोनवर पाहिलं तर वाटतं, रंगवताना चूक झाली. ट्यूबवर तोच लाल ठिपका आजूबाजूच्या करड्या रंगात किंचित पसरतो आणि अंधारात धुमसणारा डोळा तयार होतो.

म्हणजे फाइलमध्ये होता तो अर्धा ऐवज. उरलेलं चित्र तारेत, जाळीत आणि काचेवर पुरं होत होतं.

आकाशाच्या रंगाला आकडा नाही

आता माझ्या आकाशाकडे येतो. मला वाटलं होतं, रंगाचा प्रश्न तरी सोपा असेल. फाइलमध्ये आकाशाचा रंग लिहिलेला असणार, तो काढून बघावा, भाच्याचा मुद्दा सिद्ध किंवा माझा.

तो तिथे नाही. फॅमिकॉमच्या चित्र काढणाऱ्या चिपमध्ये लाल-हिरवा-निळा असं मोजमापच नव्हतं. गेम फक्त एक क्रमांक सांगायचा आणि चिप त्या क्रमांकाची विद्युत-लहर थेट तारेत सोडायची. लहर किती पुढे-मागे सरकली आहे यावरून टीव्ही रंग ठरवायचा. अमेरिकन टीव्हीला तर रंगछटा फिरवायची वेगळी चक्री असे. शेजारी-शेजारी राहणाऱ्या दोन घरांत मारिओचं आकाश वेगवेगळं असू शकत होतं, आणि दोन्ही बरोबर. खुद्द निन्टेंडोनंच आपल्या प्लेचॉइस-१० या पार्लरमधल्या यंत्रांसाठी वेगळी चिप वापरली होती. तिचे रंग घरच्या यंत्राशी जुळत नाहीत.

एम्युलेटर म्हणजे जुन्या यंत्राचं सोंग घेणारा प्रोग्रॅम. सोंग घ्यायचं तर आजच्या स्क्रीनला आकडे द्यावे लागतात. म्हणून एम्युलेटर लिहिणाऱ्यांनी त्या लहरींचे आकड्यांत तक्ते बनवले. काहींनी गणित मांडून, काहींनी टीव्हीच्या शेजारी मॉनिटर ठेवून. असे तक्ते अनेक आहेत आणि त्यांच्यात एकमत नाही. भाच्याच्या फोनवरचं जांभळट आकाश हा त्यातल्याच एका तक्त्याचा निर्णय होता. माझं निळं आकाश हा माझ्या आठवणीचा.

चौकोनाचा जन्म

मग तो कोपरे असलेला, रेखीव चौकोनी मारिओ आला कुठून? आज 'रेट्रो' म्हटलं की टी-शर्टवर, जाहिरातीत, नव्या गेममध्ये तोच दिसतो. अपवाद आहेत. १९८९च्या गेम बॉयचा पडदा एलसीडीचा होता आणि त्यावर चौकोन खरोखर दिसत. पण टीव्हीला जोडलेल्या यंत्रांबाबत बोलायचं तर तो चौकोन प्रामुख्यानं एम्युलेटरनं जन्माला घातला.

१९९७ हे त्यातलं महत्त्वाचं वर्ष. फेब्रुवारीत इटलीच्या निकोला साल्मोरिया यांनी पार्लरमधल्या गेमसाठी 'मेम' हा एम्युलेटर प्रसिद्ध केला, आणि त्याच वर्षी निन्टेंडोच्या घरगुती यंत्रासाठी 'नेसटिकल' आला. तेव्हा कम्प्युटरचे मॉनिटरही ट्यूबचेच होते. मात्र ते टीव्हीपेक्षा कितीतरी बारीक आणि धारदार होते. कमी रेघांचं चित्र आलं की ते प्रत्येक रेघ दोनदा काढत. मधली फट बुजली, रंगांची सरमिसळ थांबली, आणि जो ठिपका टीव्हीवर मऊ दिसायचा तो ठोकळ्यासारखा उभा राहिला.

हे बघून लोकांना वाटलं, चित्र अपुरं आहे, आपण ते सुधारू. मग चित्र मोठं करताना कडा गुळगुळीत करणाऱ्या युक्त्या निघाल्या. ईगल, टूएक्ससाय आणि २००३ साली मॅक्सिम स्टेपिन यांचा एचक्यू२एक्स. शेजारचे ठिपके बघून मधली रेषा कशी असेल याचा हे प्रोग्रॅम अंदाज बांधतात. मारिओ यातून निघाला की वितळलेल्या मेणाचा वाटतो. ड्रॅक्युलाच्या डोळ्याचं तर काहीच होत नाही, कारण एका ठिपक्यावरून कुठलीच रेषा ओळखता येत नाही.

दुसरा उपाय होता चित्रावर काळ्या आडव्या रेघा मारण्याचा. हे म्हणजे जुना फोटो दिसावा म्हणून नव्या फोटोवर पिवळा कागद चिकटवणं. फटी आल्या, पण त्या सगळीकडे सारख्या जाडीच्या. खऱ्या ट्यूबवर तसं नसतं. झोत जोरदार असेल तर तो फुगतो, उजळ जागी रेघ जाड होते आणि फट जवळजवळ नाहीशी होते. अंधाऱ्या जागी रेघ बारीक होते आणि फट रुंदावते.

तिसरा मार्ग २००६च्या सुमारास 'ब्लार्ग' या टोपणनावानं ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रॅमरनं दाखवला. त्यानं चित्र सजवायचं सोडून दिलं. गेमच्या ठिपक्यांची आधी अमेरिकन टीव्हीला जाणारी लहर बनवायची, उजेड आणि रंग खरोखर कालवायचे, आणि मग टीव्ही जसा ते वेगळे करायचा तसं करायचं. वेगळं करताना जे बिघडेल ते बिघडू द्यायचं. परिणामाची नक्कल करण्याऐवजी कारणाची नक्कल. सॉनिकचा धबधबा अशा वेळी आपोआप पारदर्शक होतो, कुणी तसं वेगळं सांगावं लागत नाही.

शेडर

हे सगळं तेव्हा कम्प्युटरच्या मुख्य प्रोसेसरवर चालायचं आणि त्याला ते जड जायचं. पुढची उडी ग्राफिक्स कार्डामुळे मारता आली.

'शेडर' हा शब्द रूढ झाला तो पिक्सारमुळे. १९८८ साली त्यांनी आपल्या रेंडरमॅन प्रणालीचा आराखडा जाहीर केला. एखाद्या पृष्ठभागावर प्रकाश पडल्यावर त्याचा रंग काय होईल हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, असा त्यात शेडरचा अर्थ होता. एनव्हिडियाच्या २००१च्या जीफोर्स ३ पासून असे छोटे प्रोग्रॅम घरच्या कम्प्युटरच्या कार्डावर चालवता येऊ लागले. नवीन गेममध्ये पाणी चमकावं, धातू लखलखावा म्हणून ही सोय होती. एम्युलेटरवाल्यांनी ती उलट्या दिशेला वळवली आणि जुना टीव्ही परत आणायला वापरली.

कल्पना साधी आहे. शेडर स्क्रीनवरच्या प्रत्येक ठिपक्यासाठी स्वतंत्रपणे चालतो आणि प्रत्येक वेळी एकच प्रश्न सोडवतो: मी ट्यूबच्या काचेवरचा ही जागा असतो, तर आत्ता माझा रंग काय असता? वरच्या रेघेचा झोत माझ्यापर्यंत किती पोहोचला? खालच्या रेघेचा किती? माझ्यासमोर जाळीचं भोक आहे की धातू? मी लाल फॉस्फर आहे की हिरवा? काच इथे किती वळली आहे? १०८० गुणिले २४०० ठिपक्यांच्या फोनवर पूर्ण स्क्रीनसाठी हा हिशेब सेकंदाला साडेपंधरा कोटी वेळा होतो. मूळ चित्रात ठिपके किती, तर ६१,४४०.

२०१०च्या आसपास 'सीजीडब्ल्यूजी' या टोपणनावाच्या व्यक्तीनं लिहिलेल्या शेडरमध्ये झोताच्या फुगण्याचं गणित होतं. त्याच्याच सीआरटी-जिऑममध्ये काचेची गोलाईही आली. २०१२ साली रेट्रोआर्क हे नाव घेतलेल्या प्रोग्रॅममुळे अनेक एम्युलेटर एका छताखाली आले, तेव्हा एकदा लिहिलेला शेडर त्या सगळ्यांना वापरता येऊ लागला. २०१४च्या सुमारास 'ट्रॉगलमंकी'चा सीआरटी-रॉयल आला. तो अनेक टप्प्यांत चालतो आणि काचेच्या आत प्रकाश इकडेतिकडे विखुरल्यामुळे उजळ वस्तूभोवती पडणारी प्रभाही मोजतो. ग्राफिक्समधले नावाजलेले टिमथी लॉट्स यांनी मात्र मोजक्या ओळींचा शेडर लिहिला आणि कुणीही कसाही वापरावा म्हणून सार्वजनिक करून टाकला. यातून एका माणसाचं 'संशोधन' दुसऱ्याच्या हाती गेलं, त्यानं त्यात भर घातली, तिसऱ्यानं ते कमी ताकदीच्या यंत्रांसाठी हलकं केलं. बहुतेकांची खरी नावंही आपल्याला माहीत नाहीत आणि बहुतेकांना यातून पैसाही मिळाला नाही.

फोनवर यातला प्रत्येक शेडर सारखा शोभत नाही. जाळीचा एक लाल-हिरवा-निळा संच दाखवायला स्क्रीनचे निदान तीन ठिपके हवेत. फोन आडवा धरला तर १०८० ठिपक्यांत २४० रेघा बसवायच्या, म्हणजे एका रेघेला साडेचार ठिपके. अर्धा ठिपका कुठून आणणार? मग काही रेघा जाड, काही बारीक दिसतात. त्यात पुष्कळ फोनच्या ओएलईडी पडद्यावर लाल-निळ्या कणांची मांडणीच वेगळी असते, त्यामुळे जाळीचा रंग भलतीकडे झुकतो. जुन्या काचेची नक्कल करायला नवी काच बरीच बारीक आणि बरीच उजळ लागते, कारण फटी आणि जाळी मिळून निम्म्याहून अधिक उजेड खाऊन टाकतात.

तिकडे ट्यूब संपत होत्या

हे चालू असताना मूळ वस्तू जगातून नाहीशी होत होती. २००७च्या अखेरच्या तिमाहीत जगभरात एलसीडी टीव्हीच्या विक्रीनं ट्यूबच्या टीव्हीला पहिल्यांदा मागे टाकलं. सोनीनं २००८ साली ट्रिनिट्रॉन थांबवला.

या शेवटच्या प्रकरणात मराठवाडा आहे, हे मला हा लेख लिहायला घेईपर्यंत ठाऊक नव्हतं. औरंगाबादच्या, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरच्या व्हिडिओकॉननं २००५ साली थॉमसन या फ्रेंच कंपनीचा पिक्चर ट्यूबचा धंदा विकत घेतला. पोलंड, इटली, मेक्सिको आणि चीनमधले कारखाने त्यासोबत आले. जग ट्यूबकडे पाठ फिरवत असताना केलेली ही खरेदी होती. भारतासारख्या देशांत ट्यूबला अजून गिऱ्हाईक होतं. २०१५च्या सुमारास व्हिडिओकॉननंही ट्यूब बनवणं बंद केलं, तोवर जगात हे काम करणारं जवळजवळ कुणी उरलं नव्हतं.

ट्यूब संपणं म्हणजे काय, याचं उदाहरण दक्षिण कोरियात आहे. कलावंत नाम जून पाइक यांनी १९८८ साली १,००३ टीव्हींचा एक मनोरा उभारला. तो २०१८ साली बिघाडामुळे बंद करावा लागला आणि दुरुस्तीनंतर २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाला. शक्य तिथे ट्यूब शोधून-दुरुस्त करून बसवल्या गेल्या, पण वरच्या भागातल्या लहान टीव्हींच्या जागी एलसीडी लावावे लागले. एका राष्ट्रीय संग्रहालयालाही ट्यूब पुरल्या नाहीत. जपानमध्ये सोनीचा ४३ इंची, सुमारे दोनशे किलोंचा अजस्र ट्यूब टीव्ही ओसाकातल्या एका सोबा-नूडल्सच्या हॉटेलात सापडला आणि तिथून अमेरिकेत नेला गेला, तेव्हा २०२४च्या अखेरीस त्याची गोष्ट लाखो लोकांनी पाहिली.

गेमच्या फाइली मात्र टिकल्या. २०२३ साली व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशन या अमेरिकन संस्थेनं केलेल्या अभ्यासात दिसलं, की अमेरिकेत २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के आज बाजारात विकतच मिळत नाहीत. जे काही चालतं-बोलतं उरलंय ते बरंचसं हौशी लोकांच्या एम्युलेटरमध्ये. २०२४ साली ॲपलनंही आपल्या दुकानात एम्युलेटरला परवानगी दिली आणि आयफोनवाल्यांच्या खिशातही हे गेम आले. पण फाइल टिकली म्हणजे चित्र टिकलं असं नाही. शेवटची ट्यूब विझेल तेव्हा ट्यूबबद्दलची सविस्तर साक्ष या शेडरांत उरेल.

कुणाचा टीव्ही?

इथे एक गोष्ट खटकू लागते. ही साक्ष नेमकी कुठल्या टीव्हीची?

शेडरांसोबत मिळणाऱ्या तयार जुळण्या बघितल्या तर त्यात एक टीव्ही वारंवार भेटतो: सोनीचा व्यावसायिक मॉनिटर. टीव्ही स्टुडिओत, हॉस्पिटलांत वापरला जाणारा. चित्र स्वच्छ, फटी रेखीव, रंग स्थिर. शौकीन आज तो भारी किंमत देऊन घेतात, म्हणून शेडर लिहिणाऱ्यांच्या टेबलावर तोच असतो आणि नक्कलही त्याचीच होते. पण १९९० साली कुठलं पोर स्टुडिओच्या मॉनिटरवर मारिओ खेळत होतं?

आपल्याकडे तर गोष्ट आणखी वेगळी. आपली पद्धत पाल, ६२५ रेघा, सेकंदाला ५० फेऱ्या. आपल्यातल्या बहुतेकांचं यंत्र निन्टेंडोचं नव्हतंच, ती त्याची स्वस्त नक्कल होती. त्यात कॅसेट फुंकर मारून घालायची. यंत्राची वायर टीव्हीच्या मागे अँटेनाच्या भोकात खुपसायची आणि चॅनलची चक्री हळूहळू फिरवत मुंग्यांमधून मारिओ बाहेर काढायचा. प्रत्येक कडेला फिकट सावली, शेजारी मिक्सर लागला की पडदाभर आडव्या रेघा. ब्लार्गची अमेरिकन लहर किंवा स्टुडिओचा स्वच्छ मॉनिटर, यातलं काहीच आमच्या घरात नव्हतं. तसे बिघाड दाखवणारे शेडरही आहेत, पण त्यांच्याकडे कुणी 'अस्सल' म्हणून बघत नाही.

मला हे इतिहास लिहिण्यासारखं वाटतं. ज्याची कागदपत्रं चांगली राहिली त्याचा इतिहास आधी लिहिला जातो. राजाच्या दप्तरावरून राज्य कळतं, पण गावातल्या चुलीपुढं काय शिजत होतं ते कळत नाही. शेडर लिहिणारा पुरावे जमवतो, जवळून काढलेले फोटो, जुनी परिपत्रकं, मोजमापं, आणि त्यांवरून 'असं दिसत असावं' म्हणतो. तो लबाडी करत नाही, पण निवड करतो. प्रत्येक इतिहासकार करतो तशीच.

आणि काही गोष्टी कुठल्याही निवडीत येत नाहीत. ट्यूबवरचा प्रत्येक ठिपका क्षणभर उजळून विझायचा. आजची स्क्रीन पुढचं चित्र येईपर्यंत आधीचं धरून ठेवते, म्हणून पळता मारिओ डोळ्यांना फराटा ओढल्यासारखा दिसतो. २०२४ मध्ये ब्लर बस्टर्सच्या मार्क रेजॉन यांनी त्याच टिमथी लॉट्स यांच्यासोबत एक शेडर प्रसिद्ध केला, जो वेगवान स्क्रीनवर झोताचं खाली सरकत जाणं दाखवतो. 'डक हंट'ची बंदूक मात्र अजून मुकीच आहे. चाप ओढला की पडदा क्षणभर काळा व्हायचा, मग बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटायचा, आणि बंदुकीतला डोळा तो उजेड बरोबर त्याच क्षणी टिपायचा. मूळ बंदूक आजच्या टीव्हीपुढे धरली तर एकही बदक पडत नाही.

ताईची साक्ष

भाचा जायच्या आदल्या रात्री मी त्याच्या फोनवर बसून आमचा टीव्ही बनवला. स्टुडिओचा मॉनिटर बाजूला सारला. थोडी गोलाई, सावली, मुंग्या, जरा वाहता रंग. आकाशाच्या तक्त्यांतून सगळ्यात निळा निवडला. दूर धरून पाहिलं आणि पोटात काहीतरी हललं. बार्शीचं घर, उन्हाळी दुपार, खिडकीला लावलेली चादर.

दुसऱ्या दिवशी ताई त्याला न्यायला आली. मी फोन तिच्यापुढे केला. "ओळख बघू!"

तिनं पाहिलं, हसली. "मारिओ. पण असा नव्हता."

"म्हणजे?"

"अरे, आपला टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता. रंगीत घेतला माझ्या बारावीच्या निकालानंतर, तोवर तुझं ते यंत्र बंद पडलं होतं. तू रंगीत बघायचास ते कुलकर्ण्यांकडे, रविवारी."

मी वाद घालायला गेलो आणि मध्येच थांबलो, कारण ती यंत्र बंद पडल्याचं म्हणाली ते मला आठवत होतं. रंगीत टीव्ही आला त्या दिवशी मी ते जोडून पाहिलं होतं आणि काहीच उमटलं नव्हतं. म्हणजे आमच्या घरातलं आकाश करडं होतं. निळं आकाश कुलकर्ण्यांच्या घरातलं, किंवा नंतर कधीतरी मासिकात पाहिलेलं.

भाच्यानं फोन परत घेतला. "सोपं आहे," म्हणाला आणि रंग शून्यावर नेले.

"जाळी पण काढ," मी म्हणालो. काळ्या-पांढऱ्या ट्यूबला जाळी नसते. एकच झोत, एकच फॉस्फर, लाल-हिरव्याची निवड करायचा प्रश्नच नाही. त्यानं जाळी काढली. उजेड एकदम वाढला, फटी मऊ झाल्या, ढग पांढरे झाले. आकाश फिकट राखाडी.

ताई चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिली. "हं," म्हणाली, "आता जरा मुंग्या वाढव."